गाणाऱ्या लाटांच्या गावी नाताळ

नाताळच्या सुट्टीत कुठे जायचे, हा प्रश्न हल्ली आपल्या मध्यमवर्गीय घरांतून दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होण्याआधीच सुरू होतो. चिवड्याच्या तळाशी राहिलेले शेंगदाणे वेचता वेचता मुले कॅलेंडरचे शेवटचे पान उलटून पाहतात आणि मग घरात पक्ष पडतात. थंड हवेचा एक पक्ष, देवदर्शनाचा एक पक्ष आणि समुद्राचा एक पक्ष. अलीकडे बहुमत बहुधा समुद्राचे असते आणि समुद्र म्हटला की गोवा ठरलेला. गोव्याविषयी माझे मत वाईट नाही. पण नाताळात गोव्याला गेले की गोवा सोडून बाकी सगळे भेटतात. आपल्याच गल्लीतले शेजारीदेखील भेटतात, आणि त्यांच्यापासून आठ दिवस सुटका व्हावी म्हणून तर आपण निघालेलो असतो!

गेल्या नाताळात मी जरा दूरचा समुद्र सुचवला. “तरंगंबाडी.” नाव ऐकून मुले हसली. आमची सौ. म्हणाली, “अहो, हे गाव खरेच आहे, की तुमच्या एखाद्या पोथीतले?” शंका रास्त होती, कारण या गावाची आणि माझी पहिली ओळख खरोखरच पुस्तकांच्या मार्गाने झालेली होती. मराठी छपाईचा इतिहास वर्गात शिकवताना दोन गावांकडे बोट दाखवावे लागते. एक बंगालमधले श्रीरामपूर आणि दुसरे तमिळ मुलखातले तंजावर. या दोहोंच्या पाठीमागे थोडे आडोशाला उभे असलेले तिसरे गाव म्हणजे हे तरंगंबाडी. ते कसे, हे पुढे सांगतोच. आधी तिथे पोचू या.

मुंबईहून आगगाडीने चेन्नई, तिथून दक्षिणेकडे मयिलाडुतुरै आणि पुढे तासाभराचा बसचा रस्ता. मयिलाडुतुरै म्हणजे जुने मायावरम. २०२० साली ते जिल्ह्याचे ठिकाण झाले आणि तरंगंबाडी आता त्याच जिल्ह्यात मोडते. हा सगळा कावेरीचा प्रदेश. दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेली भातखाचरे, त्यांत बगळे आणि दर दोन कोसांवर एखाद्या देवळाचे गोपुर. आपल्याकडे डिसेंबर म्हणजे कोरडी थंडी. इकडच्या किनाऱ्याला मात्र मुख्य पाऊस मिळतो तो ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत, ईशान्येकडून येणाऱ्या वाऱ्यांनी. त्यामुळे नाताळात इथली सृष्टी आपल्या श्रावणासारखी हिरवीगार असते. आम्ही पोचलो त्या दिवशी सकाळी एक सर पडून गेली होती. घामाने अंग चिकट झालेले, अंगावर लोकरीचा धागा नाही आणि घराघरांवर मात्र कागदी चांदण्या टांगलेल्या. “बाबा, हा तर आकाशकंदीलच!” धाकटा ओरडला. त्याचे काही चुकले नव्हते. पाच-सहा टोकांचा तो तारा पाहून दिवाळी दोन महिन्यांनी पुन्हा आल्यासारखे वाटले.

गावात शिरायला एक वेस आहे. पांढरी, जाडजूड, १७९२ साली बांधलेली. वेशीतून आत गेले की सरळ रस्ता समुद्रापर्यंत जातो. त्याचे नाव राजमार्ग, म्हणजे किंग्ज स्ट्रीट. पण हा राजा कोण? इंग्लंडचा नव्हे, फ्रान्सचा नव्हे, पोर्तुगालचाही नव्हे. हा राजा डेन्मार्कचा! युरोपच्या उत्तरेकडच्या त्या थंड, चिमुकल्या देशाने इथे सव्वादोनशे वर्षे आपले निशाण फडकवले, हे आपल्या शालेय इतिहासात एका ओळीत उरकलेले असते.

त्याचे असे झाले. १६१८ साली ओवे ग्येडे नावाचा एक तरुण सरदार डेन्मार्कहून जहाजे घेऊन निघाला. वय पंचविशीच्या आत. मिऱ्यांच्या व्यापारात आपल्यालाही वाटा मिळावा एवढीच त्याच्या राजाची इच्छा. तंजावरला त्या वेळी रघुनाथ नायकाचे राज्य होते. १६२० साली त्याने डेन लोकांना हे मासेमारांचे खेडे व्यापारासाठी दिले आणि डेन राजाला सोन्याच्या पत्र्यावर कोरलेले पत्र पाठवले. तो सोन्याचा पत्रा डेन्मार्कच्या सरकारी दफ्तरात आजही जपून ठेवलेला आहे. त्याच साली समुद्रकाठी डान्सबोर्ग नावाचा किल्ला उभा राहू लागला. तो अजून उभा आहे. फिक्या मातकट रंगाच्या भिंती, कमानींच्या ओळी, आत छोटेसे संग्रहालय. आपल्या सिंधुदुर्ग-जंजिऱ्याची भव्यता त्याच्याकडे नाही. एखाद्या व्यापाऱ्याच्या भक्कम वखारीसारखा तो दिसतो, आणि वास्तविक तो तसाच होता.

सतराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात तंजावरला व्यंकोजीराजांमुळे भोसल्यांची सत्ता आली, आणि तरंगंबाडीचे डेन मराठ्यांना वर्षासन भरू लागले. शिवछत्रपतींच्या सावत्र भावाच्या वंशजांनी डेन्मार्कच्या राजाकडून खंड घ्यावा, ही गोष्ट मुलांना सांगितली तेव्हा धाकट्याचा चेहरा असा फुलला, की जणू ती रक्कम त्याच्याच खाऊच्या डब्यात जमा होत होती.

पण गावाचे खरे नाव झाले ते मिऱ्यांमुळे नव्हे, शिशाच्या खिळ्यांमुळे. ९ जुलै १७०६ रोजी बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग हा चोवीस वर्षांचा जर्मन धर्मोपदेशक एका सोबत्यासह इथे उतरला. डेन्मार्कच्या राजाने त्याला पाठवले खरे, पण इथल्या डेन व्यापाऱ्यांना तो मुळीच नको होता. धर्माची गडबड व्यापाराला बाधते हे त्यांचे गणित. त्यांच्या अधिकाऱ्याने पुढे त्याला चार महिने तुरुंगातही टाकले. हा गृहस्थ मात्र तमिळ शिकत राहिला. गावातल्या मुलांबरोबर बसून वाळूत बोटाने अक्षरे गिरवली, असे सांगतात. ताडपत्रावरच्या तमिळ पोथ्या त्याने जमवल्या, वाचल्या, आणि इथल्या देवदेवतांची माहिती देणारा एक मोठा ग्रंथ १७१३ साली लिहून युरोपला धाडला. तिकडच्या वडीलधाऱ्यांना तो छापण्याजोगा वाटला नाही. तो छापला गेला १८६७ साली! धर्म बदलायला आलेला माणूस आधी भाषा शिकला आणि भाषा शिकता शिकता त्या लोकांविषयी त्याच्या मनात आदर उत्पन्न झाला. माझ्यासारख्या भाषेच्या मास्तराला या कथेतला एवढा भाग फार मोलाचा वाटतो.

त्याच्यासाठी युरोपातून छापखाना आला. जर्मनीत पाडलेले तमिळ खिळे मात्र इतके मोठे निघाले, की कागद पुरेना. तेव्हा इथेच लहान खिळे ओतले गेले, आणि त्यासाठी चीजच्या डब्यांबरोबर आलेले शिसे वितळवले अशी हकिकत आहे. १७१५ पर्यंत तमिळ नवा करार छापून पुरा झाला. १७१८ साली त्याने बांधवलेले न्यू जेरुसलेम चर्च उघडले आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तो वारला. त्याच चर्चमध्ये त्याचे दफन झाले आहे.

आता मराठीचा धागा. याच तरंगंबाडीला १७५० साली श्वार्ट्झ नावाचा दुसरा जर्मन उपदेशक आला आणि पुढे तंजावरला जाऊन राहिला. तुळजाजीराजांनी मरणापूर्वी आपला दत्तक पुत्र सर्फोजी याची काळजी त्याच्यावर सोपवली. पोरवयात छळ सोसलेल्या त्या राजपुत्राला श्वार्ट्झने जपले, शिकवले. १७९८ साली सर्फोजी गादीवर बसला, आणि त्याच वर्षी श्वार्ट्झचे निधन झाले. सर्फोजीने ख्रिस्ती धर्म घेतला नाही. त्याने गुरूचे संगमरवरी स्मारक मात्र इंग्लंडच्या फ्लॅक्समन या नामांकित शिल्पकाराकडून घडवून तंजावरच्या चर्चमध्ये बसवले. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली भोसले घराण्याचा प्रचंड मराठी शिलालेख कोरवणारा, सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढवणारा आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात तंजावरला देवनागरी छापखाना चालवून इसापच्या गोष्टी मराठीत आणवणारा राजा तो हाच.

आणि श्रीरामपूर? तेही डेन लोकांचेच ठाणे. इंग्रजांच्या कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. म्हणून विल्यम कॅरी १८०० साली डेन निशाणाच्या आश्रयाला श्रीरामपुरी गेला. तिथेच १८०५ साली त्याचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांत छापले गेले. त्यापूर्वी १६१६ साली गोव्यात फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले होते खरे, पण ते रोमन लिपीत. मराठी मजकूर आपल्या लिपीत छापला जाण्याच्या आरंभकाळी हे डेन निशाण कुठे तरी जवळपास फडकत होते, याची मला मोठी गंमत वाटते. १८४५ साली डेन्मार्कने ही दोन्ही ठाणी इंग्रजांच्या कंपनीला साडेबारा लाख रुपयांना विकून टाकली आणि खेळ संपला.

एवढे सगळे मी राजमार्गावरून चालता चालता सांगितले. मुलांनी अर्धे ऐकले आणि उरलेले अर्धे समुद्राने आपल्याकडे ओढून घेतले. तरंगंबाडी या नावाचा अर्थच मुळी लाटांचे गाव. गाणाऱ्या लाटांचे गाव असाही करतात. किल्ल्यासमोर उभे राहिले की त्याची खात्री पटते. हा बंगालचा उपसागर. आपल्या अरबी समुद्रासारखा सूर्य इथे बुडत नाही, तो इथून उगवतो. उत्तरेकडे काही पावलांवर मासिलामणिनाथाचे चौदाव्या शतकाच्या आरंभीचे शिवमंदिर आहे. त्याचा पुष्कळसा भाग समुद्राने गिळला. उरलेल्याची डागडुजी करून पुढे दगडांचा बांध घातला आहे.

चोवीस तारखेच्या संध्याकाळी आमच्या उतरण्याच्या जागेशेजारच्या एका निवृत्त शिक्षकांची ओळख झाली. लोक त्यांना ‘वाद्यार’ म्हणत. वाद्यार म्हणजे मास्तर. मला तमिळ येत नाही, त्यांना मराठी येत नाही. दोन मास्तर इंग्रजीच्या पुलावर भेटले. त्यांनी आम्हाला पंचवीस तारखेच्या पहाटेच्या उपासनेला नेले. चर्चबाहेर चपलांची रांग, आत रेशमी साड्या, केसांत मोगऱ्याचे गजरे, कडेवर झोपलेली मुले. सौ. कानाशी कुजबुजली, “अगदी आपल्या काकडआरतीला आल्यासारखे वाटते, नाही?” मग गाणे सुरू झाले. चाल धीरगंभीर, जर्मन वळणाची, आणि शब्द तमिळ. त्यानंतर आले ते मात्र पूर्ण दाक्षिणात्य ढंगाचे कीर्तन. अशी ख्रिस्ती कीर्तने रचणाऱ्या तंजावरच्या वेदनायकम शास्त्री (१७७४–१८६४) या कवीचे नाव वाद्यारांनी सांगितले. तो श्वार्ट्झचाच शिष्य, सर्फोजीच्या बरोबरीने वाढलेला, पुढे त्याच्या दरबारी मान मिळवलेला. मराठी राजा, जर्मन गुरू, तमिळ कवी. आपला देश असा आहे!

दुपारी वाद्यारांच्या घरी फराळ झाला. पानावर पहिला पदार्थ आला तो पाहून सौ. उडालीच. “अहो, हे अनारसे!” ते होते अधिरसम. तांदळाचे पीठ, गूळ आणि तळणी. खसखस तेवढी नाही. शेजारी चकलीचा सख्खा चुलतभाऊ मुरुक्कू. दोघींनी, म्हणजे सौ. आणि वाद्यारांच्या पत्नीने, एका शब्दाचीही सामायिक भाषा नसताना पिठाच्या भिजवणीवर पाऊण तास चर्चा केली. ती कशी केली हे मला विचारू नका. भाषाशास्त्रात याचे उत्तर नाही.

निरोप घेताना मी म्हणालो, “उद्या सकाळी मुलांना होडीतून थोडे आत न्यावे म्हणतो. कुणी मिळेल का?”

वाद्यार क्षणभर थांबले. “उद्या होड्या जात नाहीत सर,” ते म्हणाले. “उद्या सव्वीस तारीख.”

तारीख मला ठाऊक होती. त्या तारखेचा अर्थ मात्र या अंगणात उभा राहून कळायचा होता.

२६ डिसेंबर २००४. रविवार होता. आदल्या दिवशीच्या नाताळाच्या चांदण्या घरांवर तशाच होत्या. भारतीय वेळेनुसार सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ समुद्राच्या तळाशी पृथ्वी हादरली. भूकंपाची तीव्रता नऊहून अधिक. खोल समुद्रात त्सुनामीची लाट जेट विमानाच्या वेगाने जाते, पण तिथे ती इतकी बुटकी असते, की होडीतल्या माणसाला जाणवतही नाही. किनाऱ्याजवळ तळ उथळ झाला की तिचा वेग घटतो आणि उंची वाढते. भूकंपानंतर दोन तासांहून अधिक वेळाने ती या किनाऱ्यावर आली. दोन तास! तेवढ्या वेळात म्हातारेकोतारेदेखील चालत सुरक्षित जागी पोचले असते. पण सांगणार कोण? हिंदी महासागरासाठी इशारा देणारी व्यवस्थाच त्या वेळी नव्हती. त्या वेळच्या नागपट्टणम जिल्ह्यात, ज्यात हे गाव होते, सहा हजारांहून अधिक माणसे गेली. जवळच्या वेलांकण्णीला नाताळासाठी आलेले यात्रेकरूही त्यांत होते.

“जे खोल समुद्रात होते ते वाचले,” वाद्यार सांगत होते. “ते मासे घेऊन परत आले, तो घरी कोणी नाही. माझ्या वर्गाच्या पटावर त्या जानेवारीत मी सात नावांपुढे काय लिहावे ते मला कळेना. गैरहजर लिहवेना, नाव खोडवेना.” ते अगदी शांतपणे बोलत होते. तीस वर्षे हजेरी घेतलेल्या माणसाचे ते दुःख मला दुसऱ्या कुणी समजावून द्यायला नको होते.

रात्री आमच्या खोलीत विचारविनिमय झाला. मी म्हणालो, “उद्या सकाळीच तंजावरला निघू या. यांच्या दुःखाच्या दिवशी आपण सुट्टीचे कपडे घालून हिंडणे बरे नव्हे.” सौ.ला ते पटले नाही. “काल त्यांच्या घरी अनारसे खाल्ले, आणि आज दुःखाचा दिवस म्हणून निघून जायचे? असे कुठे असते का?” वाद्यारांना विचारले तर ते हसून म्हणाले, “अम्मा बरोबर बोलतात. शिवाय सर, त्या वर्षानंतर कितीतरी दिवस इथे कोणी येईना. इडलीवालीच्या टोपलीत इडल्या तशाच राहायच्या. लोक आले पाहिजेत. फक्त समुद्राकडे पाहताना थोडे जाणून पाहावे, इतकेच.”

सव्वीस तारखेला होड्या वाळूत एका ओळीत उभ्या होत्या. जाळी गुंडाळलेली. सकाळी बायका घागरीतून दूध घेऊन आल्या आणि पाण्याच्या कडेला उभ्या राहून त्यांनी ते समुद्रात ओतले. मग फुले. कपाळी विभूती लावलेले होते, गळ्यात क्रूस घातलेले होते, टोपी घातलेलेही होते. भाषणे झाली नाहीत. एका म्हातारीने सौ.च्या ओंजळीत मूठभर शेवंतीची फुले ठेवली आणि पाण्याकडे मानेने खूण केली. आमच्या मुलीने नंतर हळूच विचारले, “बाबा, ज्या समुद्राने त्यांची माणसे नेली, त्यालाच दूध का वाहायचे?” मला उत्तर सुचेना. तिची आईच म्हणाली, “अगं, माणसे तिथेच आहेत ना त्यांची.”

त्यानंतरच्या वर्षांत पुष्कळ झाले आहे. हैदराबादला २००७ साली त्सुनामीचा इशारा देणारे केंद्र सुरू झाले. समुद्राच्या तळाशी दाब मोजणारी यंत्रे बसवली आहेत, आणि भूकंप झाला की काही मिनिटांत तिथून सूचना निघते. किल्ल्याजवळच्या डेन गव्हर्नरच्या जुन्या बंगल्याची डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या मदतीने दुरुस्ती झाली. कोळ्यांसाठी किनाऱ्यापासून आत पक्की घरे बांधली गेली. भरतीच्या रेषेपासून दोनशे मीटरच्या पलीकडे राहायला जावे असे सरकारचे सांगणे. सांगणे शहाणपणाचे आहे. पण ज्याला पहाटे उंबऱ्यात उभे राहून पाण्याचा रंग आणि वाऱ्याची दिशा पाहून जाळे कुठे टाकायचे ते ठरवायचे असते, त्याला समुद्र दिसत नाही असे घर म्हणजे खिडकी नसलेली शाळा. वाद्यारांचा एक जुना विद्यार्थी रात्री नव्या घरात झोपतो आणि दिवसभर किनाऱ्यावरच्या जुन्या खोपटात जाळी विणतो. सुरक्षितता आणि पोट यांच्यामध्ये दोनशे मीटर अंतर आहे आणि ते तो रोज दोनदा चालतो.

नाताळच्या सुट्टीसाठी हे गाव सुचवावे की नाही, असा विचार हा लेख लिहिताना मनात आला. सुचवतोच. डिसेंबरात हवा सुखद असते, क्वचित एखादी सर येते, छत्री असू द्यावी. समुद्राला ओढ फार आहे, पोहण्याचा मोह स्थानिक लोकांना विचारल्याशिवाय करू नये. तंजावर दिवसाभरात होते, आणि सरस्वती महाल व बृहदीश्वराच्या भिंतीवरची आपली अक्षरे पाहिल्याशिवाय मराठी माणसाने परतू नये. मात्र पंचवीस तारीख पाहून लगेच निघू नका. सव्वीस तारखेला तिथे असा. काही करावे लागत नाही. नुसते उभे राहावे लागते.

सत्तावीस तारखेला पहाटे आम्ही पुन्हा किनाऱ्यावर गेलो. अंधारात इंजिनांची घरघर सुरू झाली होती. एकेक होडी लाटांवर आपटत, सावरत आत गेली. धाकटा बोटांवर मोजत होता. मोजून होईपर्यंत पूर्वेकडे लाल रेघ उमटली आणि साऱ्या होड्या त्या रेघेवर काळ्या ठिपक्यांसारख्या दिसू लागल्या.

“सत्तेचाळीस,” तो म्हणाला. “संध्याकाळी परत आल्या की पुन्हा मोजायच्या हं, बाबा.”

आमची बस दुपारची होती. तिकिटे बदलून आम्ही एक दिवस आणखी राहिलो.